मुकी तबकडी

गेल्या मे महिन्यात मी साकोलीहून कडप्प्याची एक फरशी आणली, तिथून हे सगळं सुरू झालं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद. मोटारसायकलवर मागे बांधली आणि भर उन्हात सानगडीला घेऊन आलो. बायको, रिता, दारातच उभी होती.

"आता हे कायले आनलं? तुमच्या मशीनले बसाले चौरंग?"

ती थट्टा करत होती, पण चौरंगच होता तो. माझा धंदा साऊंडचा. लग्न, वरात, ऑर्केस्ट्रा, जिथं बोलावतील तिथं भोंगे घेऊन जायचं. आणि खूळ ग्रामोफोनच्या जुन्या काळ्या तबकड्यांचं. जमवणारे पुष्कळ असतात. मी त्या घरी कापायला निघालो होतो. पुण्याच्या एका शौकिनानं त्याचं जुनं मशीन मला दिलं. फिरती थाळी, तिच्यावर कोरी तबकडी, वर हिऱ्याची बारीक सुई. तारेतून आवाज सोडला की सुई थरथरते आणि प्लास्टिकमध्ये रेघ कापत जाते. एवढंच. पण सुई इतकी हळवी की शेजारून ट्रॅक्टर गेला तरी त्याची घरघर रेघेत उतरते. म्हणून मशीन जड दगडावर ठेवायचं.

हे कशासाठी, तेही सांगतो. माझ्या आईचं, कुंताबाईचं, वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. माझ्या फोनमध्ये तिचं भाताच्या रोवणीचं एक गाणं होतं, जेमतेम दोन मिनिटांचं. ते तबकडीवर कापून नातेवाइकांसमोर लावायचं, अशी माझी जिद्द होती. फोन उद्या तळ्यात पडेल. तबकडी राहील.

घरात सगळ्यात शांत खोली मागची, आईची, अंगणात उघडणारी. मातीच्या जाड भिंती, एकच झरोका. शेवटची दोन वर्षं ती तिथंच खाटेवर होती, अर्धं अंग गेलेलं. खाटेजवळ जमिनीत पक्कं बसवलेलं तिचं जातं. हात चालत होते तोवर ती पहाटे त्याच्यापाशी बसून दळायची आणि जे कुणाला सांगायचं नाही ते त्याला सांगायची. त्याच्यावर कुणाला बसू देत नसे, साधं सूपही ठेवू देत नसे. म्हणायची, "त्याले समदं आयकू येते, बाप्पा."

मी वरचा दगड काढून भिंतीला लावला, खालच्यावर कडप्पा ठेवला आणि कडप्प्यावर मशीन. याहून पक्की बैठक गावात दुसरी नव्हती. रिता म्हणाली, "आईच्या जात्यावर ठेवता?" मी म्हणालो, "आईसाठीच तं करून राहिलो." माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

शिकाऊ माणसानं पहिली तबकडी मुकी कापावी, असं त्या पुण्याच्या माणसानं बजावलं होतं. आवाजाची तार काढून ठेवायची, नुसती रेघ कापायची आणि मग ती वाजवून बघायची. फक्त बारीक सरसर ऐकू आली, तर मशीन नीट बसलं.

प्लास्टिक गरम असलं की रेघ स्वच्छ येते. म्हणून दुपार निवडली. दोन वाजले होते. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. पंखा बंद केला, तबकडीवर दिवा खाली ओढला आणि सुई टेकवली. केसासारखा प्लास्टिकचा धागा निघू लागला. तो मी कुंच्यानं बाजूला करत राहिलो. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि त्याच्याखाली हळूहळू दुसरा एक वास... ओल्या पिठाचा. तीन वर्षांत त्या खोलीत पीठ आलं नव्हतं.

चार मिनिटांत कापून झाली. मी ती वाजवायला लावली.

आधी सरसर. मग घरघर. मी मनात शिवी दिली, वाटलं बैठक फसली. पण ती घरघर ट्रॅक्टरची नव्हती. थांबत होती, पुन्हा सुरू होत होती, दळताना हात बदलावा तशी. आणि तिच्याआडून आवाज आला.

"चंदू... पानी दे रे..."

तार टेबलावर पडलेली होती. मी ती दोनदा पाहिली. फोन पुढच्या खोलीत होता.

"चंदू... आंग जळून राहिलं रे... पानी..."

आई गेली त्या रात्री मी नाकाडोंगरीला लग्नाच्या साऊंडवर होतो, अडीच तासांच्या वाटेवर. सकाळी रिताचा फोन आला. ती म्हणाली होती, "आई झोपेतच गेल्या. एक हाकसुदिक मारली नाही." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. खाटेजवळ अर्धा भरलेला पितळी गिलास होता. तो पाहून मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो की माझ्या बायकोनं शेवटपर्यंत पाणी पाजलं. रिता खाली मान घालून ऐकत असे. मला वाटे, लाजते.

तबकडीत पावलं वाजली. दाराची कडी वाजली. आणि रिताचा आवाज, अगदी स्वच्छ.

"झोपा ना वो आई आता. कितीदा उठू मी..."

पुन्हा कडी. पावलं दूर गेली. आईच्या हाका चालूच.

मी मागं वळून पाहिलं. रिता खरोखरच दारात उभी होती, हातात चहाचा कप. चहा तिच्या पायावर सांडत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

"तू जागी होतीस," मी म्हणालो.

तिनं कप उंबऱ्यावर ठेवला.

"ती पाणी मागत होती रिता. आणि तू दार लावून गेलीस! मी गावभर तुझं कौतुक सांगत फिरलो, आणि तू ऐकून घेतलंस!"

सख्ख्या माणसानं असं फसवलं की राग आधी येत नाही. आधी आपलीच लाज वाटते, किती सुखानं फसलो याची. मग मी ओरडलो. काय काय बोललो ते आता सांगवत नाही. ती मध्येच हात वर करून म्हणाली, "थांबा... पुढं आयका."

पुढं आईची हाक होती, अगदी बारीक झालेली. "चंदू..."

आणि एक पुरुषाचा आवाज म्हणाला, "आलो, आई."

तो माझा आवाज होता.

गिलासात पाणी ओतल्याचा आवाज. घोट. मग आईचा लांब सुस्कारा. "आलास बाप्पा..." त्यानंतर नुसती सरसर, तबकडी संपेपर्यंत.

"मी आयकलं होतं हे," रिता कुजबुजली. "मी परत उठतच होती... तं तुमचा आवाज आला. मले वाटलं, तुमी आले. म्हनून झोपली मी. सकाळी पाह्यलं तं आई थंड, अन् तुमी कुठीच नाही. फोन लावला तं तुमी म्हनता, नाकाडोंगरीतच हाव, साऊंड भरून राहिलो. मंग मी कोनाले काय सांगू?... खरं सांगा, तुमी नोयते ना?"

मी नव्हतो. तीनशे वऱ्हाडी साक्षीला होते.

पण तो "आलो" मी ओळखला. आई हाक मारायची आणि मी पुढच्या खोलीत ॲम्प्लिफायर उघडून बसलेला असायचो. न उठता ओरडायचो, "आलो, आई!" दिवसातून दहादा. आई हसायची. "तुजा आलो घरात फिरते, तू काई येत नाही." रितानं मला फसवलं, हे खरं. पण आईला शेवटचा घोट कुणी पाजला, आणि तिनं कुणाला मी समजून डोळे मिटले, याचा विचार आला की रितावरचा राग अपुरा वाटतो. माझंच काहीतरी माझ्या माघारी आईकडे जाऊन आलं होतं.

मशीन मी त्याच दिवशी काढलं. जात्याचा वरचा दगड जागेवर बसवला, खोलीला कुलूप लावलं. तबकडी फोडली नाही. त्यात आईचा आवाज आहे. वर्षश्राद्धाला गाणं लागलं नाही. रिता आणि मी कामापुरतं बोलतो.

काल दुपारी मी पुढच्या खोलीत एका भोंग्याची तार जोडत होतो. मागच्या अंगणातून रिताची हाक आली. "अजी, येता का? घागर उचलाची हाय."

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी मागच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "आलो."

हातातलं टाकून मी धावलो. घागर उचलून तिवईवर ठेवलेली होती. रिता पदराला हात पुसत उभी होती, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आज पयल्यांदा 'आलो' म्हनून खरंच आले," ती म्हणाली.

मी तिच्या एका बाजूला, घराच्या दारात धापा टाकत उभा होतो. ती बोलत होती आईच्या खोलीच्या दाराकडं पाहून. दाराचं कुलूप उघडं होतं.