दहा दिवसांची पट्टी

साल २०४१. भाकरीची यंत्रं मंगळवेढ्यात येऊन जुनीही झाली होती, तरी हातानं थापलेल्या कडक भाकरीची चव लोक विसरले नव्हते. बचत गटाच्या शेडमध्ये सोमवार सोडून रोज बारा चुली पेटत. त्यात द्वारकाबाईंचा हात सगळ्यांत चपळ. नुसत्या ठेक्यावरून रस्त्यावरच्या माणसाला कळे, की द्वारकाबाई परातीपाशी बसल्या आहेत.

त्याच हाताची नस मनगटात दबली आणि बोटं बधिर झाली. सोलापूरला डॉ. बिराजदारांनी वीस मिनिटांत शस्त्रक्रिया केली आणि कोपराखाली बोटभर रुंदीची पट्टी चिकटवली.

"ही वेदनापट्टी. नसेतून जाणारा दुखण्याचा निरोप ही वाचते आणि तेवढाच औषधाचा थेंब कातडीतून आत सोडते. औषध अफूच्या जातीचं आहे, म्हणून दहाच दिवस. दुखणं थांबलं की ती आपोआप बंद पडेल."

"आणि नाही थांबलं तर?" सून स्नेहलनं विचारलं.

"तर ती स्वतःच नवी पट्टी मागवते."

दवाखान्याच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात नर्सनं न विचारताच 'गृहिणी' लिहिलं होतं. द्वारकाबाईंनीही ते खोडायला सांगितलं नाही. भाकरी थापणं हा व्यवसाय असतो, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

आठव्या दिवशी त्या पुन्हा परातीपाशी बसल्या. हात लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला.

"मनगट नवं बसवलं का काय गं?" शेजारच्या चुलीवरची मालन म्हणाली. "मलाबी आण की एक."

दहा दिवस सरले. पट्टी बंद पडली नाही. दर दहा दिवसांनी टपालानं नवी येई, जुनी काढून ती लावली जाई. डॉक्टरांचीच वस्तू, तिला काय विचारायचं? असे सात महिने गेले.

एका सकाळी शेडमध्ये करपल्याचा वास आला. मालननं आधी भाकरीकडे पाहिलं. भाकरी ठीक होती. तव्यावर द्वारकाबाईंची बोटं टेकलेली होती.

"अगं बाई, हात काढ."

द्वारकाबाईंनी हात उचलून पाहिला. तीन बोटांची कातडी पांढरी पडली होती. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या हातानं त्यांनी ती बोटं चिमटून पाहिली, तरी नाही.

स्नेहलनं घरी पट्टी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्वारकाबाईंना जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाक वाहू लागलं, अंगावर काटा, पोटात मुरडा. आणि मनगट असं ठणकू लागलं, की शस्त्रक्रियेआधीचं दुखणं बरं म्हणावं.

"लाव ती."

"आत्या, बोटं बघा तुमची."

"लाव म्हणते ना."

सुनेवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. स्वतःचा तो आवाज ऐकून त्याच दचकल्या. पण पट्टी लागेपर्यंत हात पुढे धरूनच बसल्या.

सोलापूरला डॉक्टरांनी पट्टीतली नोंद पडद्यावर उघडली. "रोज नऊ ते एक. मिनिटाला शंभर-शंभर कळा. या वेळात काय करता?"

"भाकऱ्या थापते की."

डॉक्टरांनी जुना अर्ज उघडून त्यातलं 'गृहिणी' वाचलं. मग म्हणाले, "घरातल्या साध्या कामाचं माप लावलं होतं हिला. प्रत्येक थाप हिनं कळ म्हणून मोजली."

"म्हंजे दुखणं खरं नव्हतंच?" द्वारकाबाईंचा जीव क्षणभर भांड्यात पडला.

"जखम भरल्यावर पहिले तीन महिने नव्हतं. आता हे बघा, सोमवार."

"सोमवारी शेड बंद असती."

"तरी कळा आहेत. सरावलेली नस आता स्वतःच कळा काढून औषध मागते. हे दुखणं खरं आहे, बाई."

डॉ. बिराजदारांच्या अर्जावर पुढे पहिलाच प्रश्न आला: दिवसभर हातानं काय करता? वर्षभरानं मालनच्याही मनगटाची तीच शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिनं पट्टी लावू दिली नाही. साध्या गोळ्यांवर कण्हत, डॉक्टरांना शिव्या घालत बरी झाली. स्नेहलनं शेडचा कारभार हाती घेतला. द्वारकाबाईंची मात्रा थेंबाथेंबानं उतरवून पट्टी सुटायला अकरा महिने लागले. आता त्या थोड्याच भाकऱ्या थापतात. मध्येच मनगटात कळ येते आणि हात परातीवर थबकतो. ही कळ हाताची, की त्या औषधाची हाक? ज्या नसेनं एकदा खोटं बोलायला शिकून घेतलं, तिला हे विचारायचं तरी कसं?