टेनंट्स बेंडचं तेविसावं घर

रेन्फ्रूच्या मुख्य रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षांत एक गोष्ट शिकलेय, यंत्र उगाच बंद पडत नाही. धूळ, उष्णता, सैल वायर नाहीतर खराब रॅम. यांतलं काहीतरी सापडतंच.

ऑर्व्हिल हॅस्केट यांचा डेस्कटॉप दुकानात आला तेव्हा मी धूळच धरून चालले होते. हॅस्केट शहाऐंशी वर्षांचे, निवृत्त सर्व्हेअर, तलावाच्या वरच्या टेकडीवर एकटेच राहायचे. सदुसष्ट वर्षांपूर्वी धरण झालं आणि टेनंट्स बेंड हे गाव याच तलावाखाली गेलं. तिथे कोणाकोणाची घरं होती, याची यादी ते करत होते. काठावर त्या नावांचा दगड बसणार होता आणि कोरणाऱ्याला शुक्रवारपर्यंत यादी हवी होती.

“सगळी नावं लिहून होतात,” ते म्हणाले. “मग खाली ‘एकूण घरं बावीस’ असं लिहितो आणि सेव्ह करायला गेलो की खट्! बंद. कोणी मान मुरगळावी तसा.”

“मी माझ्या लॅपटॉपवर लिहून देऊ? दहा मिनिटांचं काम.”

“नाही. ही यादी मीच लिहायची.” ते एवढ्या तुटकपणे बोलले की मी पुढे विचारलं नाही.

दुकानात मशीन दोन दिवस अखंड चालवलं. धूळ काढली, सगळ्या तपासण्या केल्या. ते एकदाही अडखळलं नाही.

सोमवारी मी ते परत पोचवलं आणि तिथेच बसले. स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी पेटलेली होती, टेबलावर गोड बटर टार्टची बशी. हॅस्केटांनी एका बोटाने आकडा लिहिला, सेव्ह केलं. पडदा काळा झाला.

मी पॉवर सप्लाय बदलला. पुन्हा तेच.

“सतरा वर्षं हेच करतेस ना, डार्सी?” ते म्हणाले. “मी तर म्हणतो, तू टार्टच खा.”

मंगळवारी रॅम बदलायला कॅबिनेट उघडलं, तर तळाशी पाण्याचा थेंब होता. चहाच्या रंगाचा. मी छत पाहिलं, भिंत पाहिली, सगळं कोरडं. तलाव तिथून दीड किलोमीटर खाली. थेंब बोटाने टिपला तर तो एवढा थंड की बोट झटकन मागे घेतलं. घराला ओल असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मदरबोर्ड पुसला, रॅम बदलली. उपयोग झाला नाही.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. फॅन खरखरतोय म्हणाले.

मी झाकण काढलं आणि आधी वास आला. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाच्या गाळाला येतो, तो. मदरबोर्डवर करड्या गाळाचा पातळ थर बसला होता. काल मी स्वतःच्या हाताने पुसलेल्या मदरबोर्डवर. फॅनच्या पात्यात काहीतरी अडकलं होतं. मी चिमट्याने ते ओढून काढलं.

टाचणी होती. गंजलेली, निळ्या काचेच्या डोक्याची.

“हे तुमच्याकडचं?” मी विचारलं.

हॅस्केट खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

“ॲडेलिन प्रुइट,” ते म्हणाले. “गावात शिवणकाम करायची. कानाने ठार बहिरी.”

मी चिमटा खाली ठेवला.

“पाणी सोडायच्या आधी घरं रिकामी झाली का, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. एकोणीस वर्षांचा होतो. बावीस दारं मी हाताने उघडून पाहिली. तेविसावं घर ओढ्यापलीकडे होतं. सांकव आधीच काढून नेला होता आणि पाणी बर्फाचं. मी अलीकडूनच हाका मारल्या. तीन वेळा.” त्यांनी टाचणीकडे पाहिलं. “बहिऱ्या बाईला हाका मारल्या मी, पोरी. आणि कागदावर लिहिलं, रिकामं.”

“ती गावातून गेलीही असेल आधीच.”

“वर्षाने तिची भाची विचारत आली. सगळ्यांना वाटत होतं, बाई तिच्याकडेच आहे. मी म्हणालो, घर रिकामं होतं, मी स्वतः आत जाऊन पाहिलं.”

“आणि यादीत तिचं नाव नाही.”

“नाव दगडावर आलं की कोणीतरी विचारणार, ही कुठे गेली. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही.”

शेगडीत लाकूड फुटलं. आम्ही दोघंही दचकलो.

मी गाळ पुसला, फॅन बदलला, झाकण लावलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं. हॅस्केट पुढे सरकले. एकेक अक्षर शोधत त्यांनी ते नाव लिहिलं. खालचा बावीस खोडून तेवीस केला.

सेव्ह केलं.

यादी पडद्यावर तशीच राहिली. मी संध्याकाळपर्यंत थांबले. मशीन चालत होतं.

पुढच्या मंगळवारी दुकान उघडत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

“यादी पोचली का?” मी विचारलं.

“पोचली. कोरायला घेतली. भाचीची मुलगी आहे पेम्ब्रोकला, तिलाही पत्र टाकलं. सगळं लिहिलं.” त्यांचा आवाज शांत होता, झोप झालेल्या माणसासारखा. “मशीन आता बंद पडत नाही, डार्सी.”

“सुटलो आपण मग.”

“बंदच होत नाही.”

“बटण दाबून धरा.”

“धरलं.”

“मग मागची वायर काढा.”

“शनिवारीच काढली. माझ्या मांडीवर आहे ती.”

फोनमधून फॅनचा आवाज येत होता. संथ, एकसारखा. मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले.

मग हॅस्केटांनी फोनवरून तोंड वळवलं असावं, कारण पुढचे शब्द माझ्यासाठी नव्हते. ते खूप मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाले,

“बसा तुम्ही. मी येतोय ओढ्यापलीकडे.”