ऐकताय ना सगळे?

त्या दिवशी मी लेकीचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो होतो, एवढंच. याच दवाखान्यात मी वॉर्डबॉय म्हणून म्हातारा झालो, त्यामुळे दारावर कोणी अडवलं नाही. लेक नेटवर्कचं काम करते. घरात आम्ही तिला चिमी म्हणतो. चाळिशी आली तरी चिमीच.

नव्या इमारतीतल्या रिकाम्या वॉर्डात ती जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी पेशंट तिथे हलवायचे होते. जुन्या इमारतीतल्या खोलीतून माइकवर केलेली सूचना इथे प्रत्येक खाटेच्या उशाशी लावलेल्या स्पीकरवर ऐकू यायला हवी होती. ती यायची, थोडा वेळ टिकायची आणि मध्येच मरायची. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला देतो, असं ठेकेदाराने फोनवर ऐकवलं होतं. चिमीचा चेहरा रडवेला झाला होता. डबा तिने तसाच बाजूला ठेवला.

अडलंय कुठे, मी विचारलं. मला काय कळणार, पण बोललं की माणूस हलकं होतं. ती सांगू लागली. दोन इमारतींची नेटवर्क वेगळी आणि मध्ये राऊटर, म्हणजे फाटकावरचा राखणदार. आवाज प्रत्येक खाटेला वेगळा पाठवत नाहीत. एकच निघतो आणि जिकडे मागणी असेल तिकडे त्याला फाटे फुटतात. राखणदाराने आपल्या बाजूच्या स्पीकरना मधूनमधून विचारायचं, ऐकतंय का कोणी? स्पीकरनी हो म्हणायचं. हो आलं नाही की तिथे कोणी उरलं नाही असं समजून आवाज तोडायचा.

"मग विचारत नाही का तो?"

"गप्प बसतो, बाबा. त्याच्याआधी दुसरंच कोणीतरी विचारतंय. प्रत्येक यंत्राला नंबर असतो, आणि आपल्यापेक्षा धाकट्या नंबरचं कोणी विचारत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा नियम आहे. आणि स्पीकर त्या परक्याला उत्तर देत नाहीत."

तो परका नंबर होता जुन्या इमारतीतल्या बायकांच्या वॉर्डाचा. तो वॉर्ड कधीचाच बंद. शिवाय असा प्रश्न राऊटर ओलांडून पलीकडे जातच नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि स्क्रीनवर तो पुन्हा पुन्हा येत होता. शेवटी वैतागून उठली. आम्ही दोघं जाऊन पाहून आलो.

कुलूप काढलं. आत दुपारचं मळकं ऊन पडलं होतं. खाटा नव्हत्या. भिंतीत नुसती भोकं, एकही वायर नाही. फिनेलचा ओला वास मात्र येत होता. कोणी कधी पुसलं होतं देव जाणे. वरच्या दांड्यांना पडद्यांच्या लोखंडी कड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"इथे काहीच नाही..." चिमी हळूच म्हणाली. "मग विचारतंय कुठून?"

मला आमच्या मोठ्या सिस्टर आठवल्या. दिवेलागणीला वॉर्डाच्या दारात उभ्या राहून खालच्या आवाजात विचारायच्या, "ऐकताय ना सगळे?" प्रत्येकीने हो म्हणायचं. जिचं हो यायचं नाही, तिच्याजवळ जायच्या, वाकून बघायच्या आणि पडदा ओढून घ्यायच्या. मग आम्ही स्ट्रेचर आणायचो. त्या गेल्या तेही याच वॉर्डात, खुर्चीत बसल्या बसल्या.

हे सांगितलं तर चिमी चिडलीच. "माझ्या पोटावर पाय येतोय आणि तुम्हाला भुतं सुचताहेत."

त्या परक्याला शोधायचा नाद तिने सोडला आणि जे कोणी विचारेल त्याला उत्तर द्या, असं स्पीकरना शिकवलं. आवाज टिकला. ठेकेदार खूश झाला. परतताना मी एवढंच म्हटलं, हो म्हणणाऱ्यांचं ठीक आहे, पण ज्याला हो म्हणता येणार नाही त्याचं काय? तिने लॅपटॉपची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. थकली होती बिचारी.

आता छातीच्या दुखण्याने मीच त्या नव्या वॉर्डात पडलोय. दिवेलागणीला उशाचा स्पीकर खरखरतो, आणि मग खालच्या आवाजात... "ऐकताय ना सगळे...?" मी हो म्हणतो. नर्सला सांगितलं, ती हसली. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलली. चिमीने लॅपटॉप लावून तपासलं आणि म्हणाली, सगळं अगदी नीट चाललंय. कोणाकोणाला आणि किती वेळा सांगायचं?

शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. ठार बहिरे, पण गोड माणूस. त्यांच्या वाट्याचं हो मीच म्हणायचो. परवा मला खोकल्याची उबळ आली. माझं हो कसंबसं निघालं, त्यांचं राहून गेलं. मग दांडीवरून कड्या सरकल्याचा आवाज आला... सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी मास्तरांची खाट रिकामी होती.

या इमारतीत पडदे नाहीत. दोन खाटांमध्ये काच आहे.

आज खोकल्याने घसा पार बसलाय. मघाशी चादर बदलताना नर्सला माझ्या खाटेखाली एक लोखंडी कडी सापडली. उजेडात धरून म्हणाली, "ही कशाची हो, आजोबा?"

मी सांगायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. बाहेर दिवे लागू लागले होते.