पुसलेल्या गटातला माणूस

"आज बारा वाजता माझे बाबा मरतील," ती मुलगी दारातच म्हणाली, "आणि साडेबाराला त्यासाठी मलाच पोलिसांत देतील."

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. खासगी तपास करणाऱ्या ताई बोलण्याआधी नेहमी खुर्ची देत. पाणी देणं हे त्यांच्या मामांचं काम. भूगोलाचे निवृत्त शिक्षक असलेले मामा आत गेले आणि ऐकण्याच्या नादात रिकामाच पेला घेऊन आले.

मुलगी इस्पितळात नेटवर्क इंजिनिअर होती. हृदयरोग विभागातल्या प्रत्येक खाटेजवळच्या यंत्रातून रुग्णाचे ठोके नर्सच्या पडद्यावर जात. मधे होती फायरवॉल, कोणती माहिती कुठे जाऊ द्यायची हे ठरवणारं यंत्र. परवा बारा वाजता कुणीतरी फायरवॉलमध्ये शिरून ती वाटच बंद केली. चार मिनिटं पडदा काळा. काल बाराला पुन्हा तेच.

"बावीस खाटा, तीन नर्स. सात नंबरला बाबा. आणि काल हे सापडलं." तिने मोबाइल पुढे केला. फायरवॉलच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'उद्या बारा. चार मिनिटांत संपणार नाही.'

"शिरलं कोण?"

"नोंदीत परवा स्टोअरकीपरकाकांचं नाव आहे. मी त्यांचं खातं बंद केलं. तर काल लाँड्रीतल्या मावशींचं! आज कुणाचं असेल?"

"पण त्यांना अधिकार दिला कोणी?"

"तेच कळत नाही. फायरवॉल माणसं ओळखत नाही, ताई. ती इस्पितळाच्या डिरेक्टरीला, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या यादीला विचारते, हा माणूस कोणत्या गटात आहे? गट बघून अधिकार देते. तिच्यात दोनच गटांची नावं आहेत. 'नेटवर्क-प्रमुख' गटात मी आणि आमच्या विभागाचे साहेब. दुसरा 'उभारणी-पथक', यंत्रं बसवणाऱ्या ठेकेदारांचा. तो चार वर्षांपूर्वीच डिरेक्टरीतून पुसलाय. नसलेल्या गटात कोण असणार? म्हणून साहेब म्हणतात, दोघांना आत घेणारी मीच."

बोलताना ती हातातली लांब केबल गुंडाळत होती. एक वेढा सरळ, एक उलटा.

"हा काय प्रकार?" मामांनी विचारलं.

"सवय. पीळ पडत नाही. वायरी ओढणाऱ्यांकडून शिकले."

अकराला तिघं इस्पितळात पोचले.

साहेब भडकलेच. "मला फायरवॉल बंद करायची तर माझं खातं आहे. मला लाँड्रीवालीचं नाव कशाला लागेल?"

स्टोअरकीपरच्या कपाळावर घाम होता. "दोन्ही दिवस मी ऑक्सिजनच्या टाक्या उतरवून घेत होतो. विचारा कुणालाही! पासवर्ड? यादीवाल्या दादाने चिठ्ठीवर दिला तोच. तो बदलायचा असतो होय?"

यादीवाला म्हणजे कार्यालयातला लिपिक. परिपत्रकं पाठवण्यासाठी डिरेक्टरीत गट करणं आणि मोडणं हे त्याचं काम.

"सहलीचा गट, रक्तदानाचा गट. सकाळी करा, संध्याकाळी मोडा," तो हसला. "माझं आयुष्य हे असं."

"फायरवॉल पाहिलीत कधी?"

"दीड वर्षापूर्वी शाळेच्या कचेरीतून आलोय, ताई. ती खायची की प्यायची, तेही ठाऊक नाही." त्याने चार्जरची वायर उचलली आणि गुंडाळून खणात ठेवली. एक वेढा सरळ, एक उलटा.

"माणूस मोकळा वाटला," बाहेर आल्यावर मामा म्हणाले.

ताईंनी घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास. "पोरी, फायरवॉलमधून तो दुसरा गट काढून टाक."

"पण तो तर..."

"काढ आधी!"

तिने काढला. घाईत पासवर्ड तीनदा चुकला होता.

"आता नर्सच्या पडद्याजवळ बसून डिरेक्टरीत नवा गट येतो का बघ."

अकरा अठ्ठावन्नला लॅपटॉपवर एक नवी ओळ उमटली. मुलीने लॅपटॉप मामांकडे वळवला. मामांनी वाकून वाचलं: 'उभारणी-पथक'.

बारा वाजले. मुलगी पडद्यावरच्या सात नंबरच्या हिरव्या रेघेकडे बघत राहिली. रेघ चढली, उतरली, चढली. बारा एक. बारा दोन. पाचव्या मिनिटालाही ती चालूच होती. फायरवॉलच्या नोंदीत मात्र एक ओळ वाढली होती. रुग्णवाहिकेच्या चालकाचं नाव, आणि पुढे: प्रवेश नाकारला.

साहेबांच्या खोलीत सगळे जमले.

"फायरवॉल फक्त गटाचं नाव जुळवते," ताई म्हणाल्या. "गट जुना की दहा मिनिटांपूर्वीचा, हे ती बघत नाही. पुसलेल्या नावाचा गट पुन्हा केला, त्यात कुणालाही घातलं, की तो झाला मालक. काम झाल्यावर गट मोडला, की मागे उरतं बिचाऱ्या काकांचं नाव. साहेबांना या खटाटोपाची गरज नव्हती. काका टाक्यांपाशी होते. गट करणारा आणि चिठ्ठीवर पासवर्ड वाटणारा माणूस एकच."

"पण याला ते जुनं नाव कसं ठाऊक?" मामा म्हणाले. "हा तर शाळेत होता!"

"मामा, शाळेच्या कचेरीत चार्जर असा गुंडाळतात? हा त्या पथकात वायरी ओढत होता. आणि आजचा गट कोणत्या खात्यातून झाला, ते डिरेक्टरीने लिहून ठेवलंय."

यादीवाल्याचा चेहरा उतरला. "या इमारतीतली एकेक वायर मी ओढलीय. इंजिनिअरची जागा निघाली तेव्हा मुलाखतही दिली. घेतलं हिला! मला कुणाला मारायचं नव्हतं. हिला घालवायचं होतं."

"'चार मिनिटांत संपणार नाही' हे तुम्हीच लिहिलंत," ताई शांतपणे म्हणाल्या.

पोलीस त्याला घेऊन गेले. मुलगी मात्र जागची हलली नाही.

"ताई, तो गट डिरेक्टरीतून मीच पुसला होता. फायरवॉलमधलं नाव काढायचं राहिलं. म्हटलं, रिकामाच तर आहे."

"त्या पथकाने बसवलेली अशी यंत्रं किती?"

"आणखी सोळा."

ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. मुलीने लॅपटॉपवर त्यातलं पहिलं यंत्र उघडलं. दोन ओळी होत्या. दुसरी 'उभारणी-पथक'.

मामा पाणी घेऊन आले. या वेळी पेला भरलेला होता, पण तो धरायला तिचा हात मोकळा नव्हता.