मामलेदारिणीचा आकडा

सकाळचा चहा घेण्याआधी दिनकरराव टिपुगडे परड्यात जाऊन कोंबडीच्या पायावरचा आकडा वाचत. चौतीस वर्षं त्यांनी वीज खात्यात घरोघरचे मीटर वाचले होते. निवृत्तीनंतर वाचण्यासारखं एवढंच उरलं होतं. गारगोटीच्या त्यांच्या घरामागे कोंबडीही एकच होती. तिची चाल पाहून मालनताईंनी तिचं नाव मामलेदारीण ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी पाळीव जनावरांना वेदनामापक वलय बसवणं सक्तीचं झालं. लोक त्याला कळकडं म्हणत. अंगठीएवढं ते कडं कातडीवर प्रकाश सोडून नाडी मोजायचं, पायाची ऊब आणि अंगाची थरथर टिपायचं आणि जिवाला किती दुखतंय ते शून्य ते शंभरात सांगायचं. चाळीसपर्यंत हिरवा दिवा, पुढे लाल. मुकी जनावरं यापुढे मुकी राहणार नाहीत, असं सरकारने जाहीर केलं होतं. जनावरांनी त्यावर काही मत दिलं नाही.

एरवी आकडा दहाच्या पुढे जात नसे. त्या सोमवारी तो अडतीस होता.

"अगं, हिला काय झालंय?"

"आकडा काय बघताय, तोंड बघा की तिचं!" मालनताई म्हणाल्या.

तोंड बघायचं दिनकररावांना सुचलंच नव्हतं. तुऱ्यावर, चोचीच्या कडेला, दोन्ही डोळ्यांभोवती मुगाएवढ्या गाठी आल्या होत्या. एक डोळा पू येऊन चिकटला होता.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शमीम नदाफ स्कूटरवरून आल्या. त्यांनी चोच उघडून घसा पाहिला. "देवी आहे. कोंबड्यांची. डासांनी आणली असणार. घशात अजून नाही, नशीब समजा."

"इंजेक्शन?"

"या विषाणूला औषध नाही, काका. गाठी सुकून आपोआप गळतात, तीन आठवड्यांनी. तोवर खपली ओढायची नाही. कोमट मिठाच्या पाण्याने डोळा धुवा, गाठींना पातळ आयोडीन लावा, म्हणजे वरून दुसरा संसर्ग होणार नाही. दिसत नाही म्हणून ती खाणार नाही. हाताने भरवा."

मालनताईंनी पलंगावरची मच्छरदाणी काढून खुराड्यावर लावली. ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्यात उकडलेलं अंडं कुस्करलं. अंडं मामलेदारिणीचंच होतं, ते तिला सांगितलं नाही. दिनकररावांनी तिला टॉवेलात गुंडाळून धरलं आणि मालनताईंनी कापसाने डोळा पुसला.

कडं लाल झालं. एकसष्ट. आयोडीन लागल्यावर अठ्ठ्याहत्तर.

"थांब, थांब! अठ्ठ्याहत्तर!"

"मग काय करू? डोळा तसाच ठेवू?"

घास भरवताना चोच दाबावी लागे. त्र्याऐंशी. दिनकररावांच्या फोनवर तालुक्याच्या पशुवेदना कक्षाचा निरोप आला : 'आपल्या हातून आपल्या पक्ष्याला यातना होत आहेत. कृपया थांबा.' खाली नियमही होता. सात दिवसांत दहा तास लाल दिवा लागला, की कक्षाची गाडी येऊन प्राणी नेत असे. नेलेला प्राणी परत येत नसे. आकडा मात्र शून्यावर यायचा, त्यामुळे कक्षाचं काम चोख समजलं जायचं.

दिवसातून चार वेळा भरवणं आणि त्याच वेळी डोळा धुणं. प्रत्येक वेळी अर्धा तास दिवा लाल. बुधवारी संध्याकाळपर्यंत सहा तास झाले.

"आपण तिला छळतोय," दिनकरराव म्हणाले. "उद्या हात लावायचा नाही. विश्रांती देऊ."

मालनताईंना पटलं नव्हतं. पण फोनवर रोज तसा निरोप येऊ लागला, की माणूस आपल्याच हाताकडे संशयाने बघायला लागतो.

गुरुवारी सकाळी आकडा अठ्ठावीसवर आला. दुपारी एकवीस. म्हणून शुक्रवारीही तिला हात लावला नाही. चौदा. कक्षाने अभिनंदनही पाठवलं, सोबत फुलाचं चित्र. दिनकरराव दर तासाला परड्यातून येऊन आकडा सांगत आणि मालनताई ऐकून घेत. शनिवारी सकाळी ते जवळजवळ धावतच आले. "नऊ! मालन, नऊ!"

मालनताईंनी मच्छरदाणीत हात घालून कोंबडी उचलली. मान लोंबली. छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागलं आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी होती.

"अहो, ही बरी होत नाहीये," त्या म्हणाल्या. "ही चाललीय."

डॉक्टर नदाफ पुन्हा आल्या. कड्यावरचा हिरवा दिवा आणि हातातली कोंबडी त्यांनी आळीपाळीने पाहिली.

"हे कडं हजारो कोंबड्या बघून शिकलंय, काका. पण मोठ्या शेडमधल्या. तिथे आजारी कोंबडी उपाशी पडेपर्यंत कुणी ठेवतच नाही. उपाशी जीव कसा असतो हे त्याला ठाऊकच नाही. गळून गेलेलं अंग त्याला शांत वाटतं."

"मग परत भरवतो. आत्ता."

"भरवा. पण लाल दिव्याच्या दहा तासांतले चारच उरलेत. दोन दिवसांत संपतील आणि गाडी येईल. न भरवलं तर दोन दिवसांत ही संपेल."

"कडं काढलं तर?"

"काढल्याक्षणी ती मेली म्हणून नोंद होते आणि प्रेत ताब्यात घ्यायला माणूस येतो." डॉक्टरांनी बॅग बंद केली. "मी सरकारी नोकर आहे. मला यापुढे काही सुचत नाही आणि सुचलं तरी बोलता येत नाही." फाटकातून त्या निघून गेल्या.

दिनकरराव पायरीवर बसून राहिले. आकडा थोपवायला मीटरला चुंबक लावणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पकडली होती. एकाने तर सासऱ्याच्या तेराव्याला लावलं होतं, तोही सुटला नव्हता. बराच वेळ गेल्यावर ते उठले, स्वयंपाकघरातून एक केळं घेऊन आले आणि सोलून त्यांनी ते मालनताईंच्या हातात दिलं.

"आत्ता केळं खायचं सुचतंय तुम्हाला?"

"तू खा. मला साल पाहिजे."

सालीची नखाएवढी ओली चकती कापून त्यांनी ती हलक्या हाताने कड्याच्या आत, पायाच्या कातडीवर सरकवली. दिवा क्षणभर विझला, पुन्हा लागला. हिरवा. सहा. सालीतून परतणाऱ्या प्रकाशातही कड्याला कसलीशी नाडी सापडली होती आणि केळ्याला काही दुखत नव्हतं.

"भरव," ते म्हणाले.

मालनताईंनी कण्यांचा घास बोटावर घेतला. चोचीशी नेला आणि सवयीने कड्याकडे पाहिलं. सहा. डोळ्यावरून ओला कापूस फिरवला. सहा. गाठीतून रक्ताचा थेंब आला. सहाच.

"अहो," त्यांनी हात आखडला. "आता दुखतंय का तिला?"

दिनकररावांनी कोंबडीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे आकडा नव्हता. गाठी होत्या, आणि एक डोळा किंचित उघडला होता.

"मला नाही कळत," ते म्हणाले.

मालनताईंनी चोच दाबली नाही. घास नुसता चोचीपुढे धरून ठेवला. मामलेदारिणीने मान उचलली, बोटाला चोच टेकवली आणि जोरात डोकं झटकलं. कण्या दोघांच्या अंगावर उडाल्या.

नको म्हणाली, की चोचीला चिकटलेलं झाडलं? पुढचा घास बोटावर घेऊन मालनताई नवऱ्याकडे बघत राहिल्या.