समोरच्या दाराचा उडालेला रंग

"मामा, माझा नवरा भित्रा नाही!" जेसी राट्रेने किटली इतक्या जोरात आपटली की पिरीच्या बशीत चहा सांडला.

डूगल पिरीने निमूटपणे बशीच तोंडाला लावली. तीस वर्षं ग्लासगोच्या ट्रामवर तिकिटं दिल्यावर माणसाचे पाय कामातून जातात. बंबखान्यामागच्या चाळीचे तीन जिने चढताना त्याला दोनदा देव आठवला होता. त्याचा मित्र लॅकलन ट्वीडी मात्र अजून उभाच होता. ट्वीडी पूर्वी विमा कंपनीसाठी आगी तपासायचा, आता खासगीत लोकांची लचांडं सोडवायचा. एकदा बसलो की उठवत नाही, असं तो म्हणे.

"भाचीबाई, पहिल्यापासून सांगा," जांभई दाबत तो म्हणाला.

जेसीने सांगितलं. मंगळवारी दुपारी दोन वाजता नदीकाठचं धान्याचं कोठार पेटलं. चाळ आग विझवणाऱ्या बंबवाल्यांचीच; प्रत्येक घरात दारावर बसवलेली बंबखान्याची घंटा खणखणली, माणसं धावली, बंब निघाला. एकटा यूअन राट्रे खाटेवर झोपून राहिला. साखरेच्या गोदामाच्या आगीवर दोन दिवस काढून तो त्याच सकाळी परतला होता. त्याच्या जागी कोठारात शिरला तो त्याचा समोरचा शेजारी, हेक्टर गिलीज. मजला कोसळला आणि संध्याकाळी गिलीजचं प्रेत घरी आलं.

"उद्या नऊला चौकशी आहे. म्हणतात, घंटा ऐकून यूअन दडून बसला. तसं ठरलं तर नोकरी गेली, आणि शनिवारी या दोन खोल्याही गेल्या. म्हाताऱ्या सासूला घेऊन मी जाऊ कुठे?"

"यूअन काय म्हणतो?"

"विचारा त्यालाच! तीन दिवस मूग गिळून बसलाय."

यूअन खिडकीशी बसला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?" ट्वीडीने जेसीला विचारलं.

"खाली, धुण्याच्या खोलीत. मंगळवार माझा वार. घरात सासूबाई तेवढ्या होत्या."

सासूबाई शेगडीजवळ काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कानाने जवळजवळ ठार बहिऱ्या. ट्वीडीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "आजी, मंगळवारी दुपारी घरात कोणी आलं होतं?"

"कोण्णी नाही! परक्याने उंबऱ्यात पाय टाकून बघावा, ही काठी आहे!"

मग ट्वीडीने खुर्ची ओढली, पिरीला ती धरायला लावली आणि दारावरच्या घंटेपर्यंत तो पोचला. घंटेच्या लोलकावरून त्याने बोट फिरवलं, हुंगलं आणि पिरीच्या नाकाशी धरलं. बोट तेलकट होतं.

"कापूर," पिरी म्हणाला. "कसर लागू नये म्हणून असेल."

"घंटेला कसर लागते?"

"कापूर?" जेसी म्हणाली. "आमच्याकडे नाही हो. सासूबाईंना वासानेच मळमळतं."

यूअन पहिल्यांदाच बोलला. "उतरा खाली, साहेब. घंटा चांगली आहे."

ट्वीडी उतरला, पण त्याने यूअनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

वरच्या मजल्यावर मर्डो कीर राहायचा. यूअन दडून बसल्याची तक्रार त्याचीच होती, आणि राट्रे गेला की त्याच्या जागेवर पहिला नंबर कीरचा. पिरीने मनातल्या मनात त्याला बेड्या घालूनसुद्धा टाकल्या.

"मी पाहिलं ते सांगितलं," कीर तडकून म्हणाला. "गिलीज धावत आला आणि थेट बंबावर राट्रेच्या जागेवर चढला. म्हणाला, घोडे हाका!"

"हजेरी झाली होती?"

"तेवढी सवड कुठली?"

"राट्रे येतोय का म्हणून त्याने जिन्याकडे वळून पाहिलं?"

कीर थबकला. "नाही. समोर घोड्यांकडेच बघत होता."

"तुमचं राट्रेच्या घरी जाणं-येणं?"

"ती म्हातारी काठी घेऊन बसलेली असताना? चार वर्षांत उंबरा ओलांडलेला नाही!"

खाली येताना ट्वीडी राट्रेच्या दारापुढे थांबला. दार हिरवं होतं, पण मधोमध तळव्याएवढ्या जागेचा रंग उडून लाकूड दिसत होतं.

"हेक्टरची मूठ," मागून आवाज आला. गिलीजची बायको, एफी, आपल्या दारात उभी होती. "घंटा झाली की समोरच्याचं दार ठोकूनच पुढे जायचं, अशी रीत आहे इथली. सहा वर्षं ठोकलं त्याने."

"मंगळवारी?"

एफी गोंधळली. "मंगळवारी... नाही. सरळ धावत गेला. घाईत राहिलं असेल. ठोकलं असतं तर..." तिने दोघांना आत घेतलं. "खोकला होता हो त्याला. सकाळी मीच छातीला तेल चोळून फ्लॅनेलची पट्टी बांधली. आणला तेव्हा अंगावर सगळं होतं, पट्टीच नव्हती. कधी ऐकलं नाही माझं मेल्याने!"

शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. पिरीला कुठे बघावं कळेना. ट्वीडीने फळीवरची तेलाची बाटली उचलली, बूच हुंगलं आणि परत जागेवर ठेवली.

संध्याकाळी पाचला त्याने एफीला राट्रेंच्या स्वयंपाकघरात बोलावलं. या खेपेला तो खुर्चीवर बसला.

"कीरच ना?" पिरी कुजबुजला.

"कीर उद्धट आहे, एवढंच. ऐका. घंटेचा लोलक कशात तरी गुंडाळला होता, म्हणून ती वाजली नाही. गुंडाळलं त्याला कापराचं तेल होतं, आणि ते या घरातलं नाही. म्हणजे बाहेरचा माणूस आला. पण आजी म्हणतात, कोणी आलं नाही." तो म्हातारीकडे वळून ओरडला, "आजी, हेक्टर आला होता?"

"हेक्टर? आला की! घंटेशी खुडबुड केली आणि ओठांवर बोट ठेवून गेला. पण तो काय 'कोणी' आहे?"

जेसीचा हात तोंडाशी गेला.

"सहा वर्षांत दाराचा रंग उडवणारी मूठ दार ठोकायला विसरत नाही," ट्वीडी थकल्या आवाजात म्हणाला. "त्याने मुद्दाम ठोकलं नाही. वळूनही पाहिलं नाही, कारण राट्रे येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. एफीबाई, तुम्ही बांधलेली पट्टी त्याने घंटेला बांधली."

यूअनने उशीखालून फ्लॅनेलची पट्टी काढली.

"सकाळी माझ्या थुंकीत काळं पडताना त्याने पाहिलं. म्हणाला, आज झोप. मी म्हटलं, घंटा झाली तर? तर म्हणे, झाली तर बघू." त्याने पट्टी मुठीत चुरगाळली. "उठलो तेव्हा ही वर घंटेला बांधलेली दिसली."

"आणि तू गप्प बसलास?" जेसी किंचाळली.

"घंटेला हात लावणं गुन्हा आहे, जेसी! कळलं तर बंबखान्यातल्या, आगीत गेलेल्यांच्या पाटीवर त्याचं नाव कोरणार नाहीत. एफीचं घरही जाईल. माझ्यासाठी मेला तो. त्याला गुन्हेगार ठरवू?"

"आणि आम्ही? आम्ही रस्त्यावर जायचं?"

एफी उठली. तिने त्याच्या हातातली पट्टी घेतली, नाकाशी धरली आणि समोर आपल्या घरात गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

"ट्वीडीसाहेब, उद्या तुम्ही सांगाल ना?" जेसीने विचारलं.

"पुरावा ती घेऊन गेली. आणि तो परत मागायला माझी जीभ धजत नाही, पोरी."

सकाळी साडेआठला दोघे परत आले, तेव्हा यूअन गणवेश घालून खाटेवर बसला होता. जेसीने दोनदा हाक मारली. तो जागचा हलेना.

एकाएकी दारावर मूठ आदळली. तीनदा, दार हादरेल अशी. काठीतून तो हादरा म्हातारीच्या हाताला जाणवला आणि तिचा चेहरा उजळला.

"हेक्टर आला वाटतं!"

पिरीने दार उघडलं. काळ्या कपड्यांत एफी उभी होती. बोटांची पेरं लाल झालेली, मुठीत फ्लॅनेलची पट्टी.

"ऊठ, राट्रे. त्याने झोपवलं तेवढं पुरे झालं. काय केलं माझ्या नवऱ्याने, ते मी सांगते चौकशीच्या साहेबांना."

"एफी, अगं पाटीवर नाव..."

"नाही कोरलं तर नाही. हे दार आहे ना!"

"आणि घर?"

"घराचं बघू."

यूअन उठला. जेसीने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि दोघे एफीच्या मागोमाग जिना उतरू लागले. ट्वीडी खुर्चीवर टेकला, आणि पिरी शेगडीवरच्या किटलीत चहा उरलाय का ते बघायला गेला.