बेंडवरचा खडू

१९९३. पोळ्याच्या आदल्या रात्री साडेदहाला धुळ्यात वीज गेली. जीवराम आबा अंगणातल्या लोखंडी खाटेवर बसले आणि आम्हा पोरांना म्हणाले, "हे माझं नाही रे. ओळखीच्या एका सुपरवायझरचं."

म्हाताऱ्यांची पापं नेहमी ओळखीच्या माणसाचीच असतात. मी कॉलेज सोडलं म्हणून रोज मला अक्कल शिकवणारे हेच आबा.

नरडाण्याजवळ सरकीच्या तेलाची गिरणी. तिथे वाफेच्या पाइपांची आणि त्यांच्या बेंडांची, म्हणजे वळणांची, जाडी कय्युम मोजायचा. पाइप कापायचा नाही. बाहेरून ग्रीस लावून यंत्राचं टोक टेकवायचं. आवाज आत जाऊन परतला, की धातू किती उरला ते कळायचं. तो आकडा कय्युम खडूने पाइपवरच लिहायचा, भोवती गोल काढून.

माघातली ती रात्र. कय्युम शिडीवरून खाली उतरून सुपरवायझरला म्हणाला, "सहापैकी दीड मिलिमीटर उरनं. बाकी बठ्ठी लाइन चांगली शे, पण हाऊ बेंड गया. वाफ बंद करा, आबा."

"आबा?" मी विचारलं.

"तो सगळ्यांनाच म्हणायचा," आबा खेकसले.

सुपरवायझर म्हणाला, सीझन संपू दे. त्याने ओल्या फडक्याने आकडा पुसला. वहीत मागच्या वर्षीचाच उतरवला. पावणेदोनला बेंड फुटला. खालून कुणी जाऊ नये म्हणून कय्युम तिथेच उभा होता, तो वाफेत गेला...

चौकशीत वही निघाली. कय्युमने मोजलंच नाही, असं ठरलं. त्याची बायको जरीना गेटवर आली. "भाऊ, त्यांनी लिहिलं असंल ना? लिहिल्याबिगर ते खाली उतरत नाहीत."

सुपरवायझर आत निघून गेला.

नवा बेंड बसला. त्या रात्री, पावणेदोनला... वरून आवाज आला. टक्. सुपरवायझरने टॉर्च मारला. नव्या पाइपवर ओलं ग्रीस. खडूचा गोल. आत १.५. त्याने पुसला. परत आला. पुसला...

"जरीनाला सांगितलं का त्याने?" मी विचारलं.

आबा तोंड फिरवून बसले.

"दोन गल्ल्या पलीकडे राहते ती. तिच्या पोराला लोक कामचोराचा पोर म्हणतात, आबा."

"झोपा आता." आबा उठले.

ते बसले होते तिथे, खाटेच्या पाइपवर, कंदिलाच्या उजेडात खडूचा गोल दिसला. आत १.५. आबांनी धोतराचा सोगा उचलला. गोलापर्यंत नेला... आणि तसाच सोडला.

सकाळी मीच जरीनाला घेऊन आलो. आबा घराबाहेर आलेच नाहीत. तिने पाचाच्या शेपटावरून बोट फिरवलं.

"त्यांचंच अक्षर," ती म्हणाली. आणि बोट पदराला पुसलं नाही.

ग्रीस अजून ओलं होतं.